पाहुणे दारापर्यंत

३ जुलै. लातूर, भाची तनुजाच्या घरी.
घोट्याचं हाड स्क्रूंनी जोडून सतरा दिवस. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे पाय टेकायचा नाही, नाहीतर हाड जुळणार नाही. मी म्हटलं, कॉन्व्हेंटची आहे, सूचना एकदाच ऐकते. ऑगस्टमध्ये नांदेडला, माझ्या घरी. एकटी. भाचीकडे पडून राहणारी बाई मी नव्हे.

६ जुलै.
किल्लारीहून जीप भरून नातेवाईक भेटायला आले. पाहुण्यांना दारापर्यंत पोचवायचं, ही कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची शिकवण. पोचवलं. फक्त टाच टेकली. टाच म्हणजे पाय नव्हे.

९ जुलै.
तनुजाने वॉकर आणलाय. त्यावर टॉवेल छान वाळतो.

१४ जुलै, दुपारी.
टाक्यांजवळ ओल. घाम. स्वयंपाकाच्या चतुराबाई पट्टी बघून म्हणाल्या, बाई, घामाला असा वास येत न्हाई. एवढं नाक आहे तर वरण का करपतं? तनुजाला सांगू नका म्हणून बजावलं. म्हणाल्या, न्हाई सांगत, पर तुमी आधी खाली बसा.

१९ जुलै.
ताप १०१. थर्मामीटर उन्हात राहिलं असणार. नांदेडचे शेजारी जहांगीरभाई आले. जाताना म्हणाले, मॅडम, उठू नका, मी काय पाहुणा हाय का? असं म्हटल्यावर तर उठावंच लागतं. फाटकापर्यंत पोचवायला गेले. परतताना भिंत धरली. भिंतीला पोपडे फार.

२२ जुलै.
तनुजाला कळलं. वासानेच. ओरडली असती तर उत्तर देता आलं असतं. हळू आवाजात विचारलं, मावशी, किती जणांना पोचवलंस? म्हटलं, दोघा-तिघांना. आतून चतुराबाई म्हणाल्या, एकोणतीस.

२३ जुलै.
एक्स-रे. हाड जुळलेलं नाही. दोन स्क्रू सैल. आत पू. उद्या उघडून साफ करणार, मग सहा आठवडे शिरेतून औषध, मग पुन्हा जोडणार. डॉक्टर म्हणाले, आणि तेही जमलं नाही तर... मी म्हटलं, वाक्य अर्धवट सोडू नये. त्यांनी पूर्ण केलं. गुडघ्याखालून पाय काढावा लागेल.
तनुजाने माझा हात धरला. मी सोडवला नाही. तिला आधार हवा होता.

२४ जुलै, सकाळी सात. हॉस्पिटल.
फॉर्म आला. पत्ता नांदेडचा लिहिला. नर्स म्हणाली, मॅडम, तिथला नको, आता राहणार कुठं ते लिहा. रेघ मारली. वर तनुजाचं नाव लिहिलं, त्याआधी ‘केअर ऑफ’.
अक्षर चांगलं आलं नाही. पेन खराब होतं.