गच्चीवर डफ तापवल्याबाबत खुलासा

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
समतोल व्यसनमुक्ती केंद्र,
महागाव, जि. यवतमाळ.

विषय : जमा केलेला डफ परत मिळणे व होळीला मुलाच्या धुंडीकरिता तांड्यावर जाऊ देणेबाबत.
संदर्भ : गच्चीवर चढल्याबद्दल आपण मला दिलेली नोटीस.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये अर्ज सादर करतो की, मी उत्तमसिंग देवीलाल राठोड, धंदा शेती, आपल्या केंद्रात दारू सोडण्याकरिता स्वखुशीने दाखल आहे. स्वखुशीने म्हणजे पत्नी राखी हिच्या खुशीने, पण सही माझी आहे. नोटिशीत मी 'पलायनाचा प्रयत्न' केला असे नमूद आहे. ते वाचून मला आधी हसू आले व नंतर राग आला. सबब खुलासा करतो.

१) केंद्रात सकाळी योगशिक्षक नीळकंठ सर सर्वांना पाठ ताठ ठेवून, डोळे मिटून बसवतात व श्वासाकडे पाहायला सांगतात. सर भले माणूस आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. परंतु मी डोळे मिटले की मला श्वास दिसत नाही, दारूच दिसते. मांडी फडफडते, हाताला मुंग्या येतात, उठून कुठेतरी चालू लागावेसे वाटते. सर म्हणतात, मन शांत करा. साहेब, मन शांत असते तर मी इथे कायले आलो असतो?

२) माझी तगमग पाहून समुपदेशक आभा मॅडम यांनी विचारणा केली की, दारूच्या आधी तुमच्या अंगाला काय आवडत होते. मी म्हटले, डफ. होळीला आमच्या तांड्यात डफाच्या तालावर गोल फिरत लेंगी गातात, आणि डफ वाजवायचा मान आमच्या घराकडे आहे. मॅडमच्या परवानगीने माझा भाऊ भारत याने तो आणून दिला. पहिल्याच दिवशी वाजवता वाजवता घामाने आंघोळ झाली आणि गोळी न घेता झोप लागली. अंग थकले की मन आपोआप गपगुमान बसते, हे मला त्या दिवशी कळले. वॉर्डातल्या कोणालाही विचारावे, ते टाळ्या देत होते.

३) आता गच्चीचा प्रकार. थंडीने डफाचे कातडे सैल पडते, विस्तवावर शेकल्याशिवाय तो बोलत नाही. केंद्रात माचिस बाळगण्यास बंदी आहे, ती योग्यच आहे. स्वयंपाकघरात लालीबाईंनी मला गॅसजवळ फिरकू दिले नाही, तेही योग्यच. म्हणून मी डफ घेऊन उन्हाला गच्चीवर गेलतो. तो कठड्यावर ठेवला व वाऱ्याने पडू नये म्हणून वाकून धरला. तेवढ्यात खालून चौकीदाराने बोंब ठोकली. पळणारा माणूस डफ घेऊन पळतो, असे कोणत्या गावी होते? फाटक दिवसभर सताड उघडे असते. बाजाराला येणाऱ्या आमच्या तांड्याच्या गाड्या समोरूनच जातात, हात केला की थांबतात. मी हात केला नाही. तरी माझ्या कागदावर लाल शेरा पडला व डफ कार्यालयात जमा झाला. तेव्हापासून मी जेवणाच्या ताटावर बोटे वाजवून राह्यलो, त्याचीही तक्रार झाल्याचे समजते.

४) होळी दोन आठवड्यांवर आली आहे. गेल्या होळीनंतर जन्मलेल्या मुलाची धुंड आमच्यात होळीला असते. सगळा तांडा दारात येऊन गातो आणि पोराला आपल्यात घेतो. यंदा माझ्या राजकुमारची धुंड आहे. लाल शेऱ्यामुळे मला रजा मिळणार नाही असे ऐकतो. राखी मागच्या भेटीत म्हणाली, "तुमी नसले तरी धुंड होईल. पण पिऊन आले तं मी पोराले घिऊन माहेरी जाईन, मंग वापस येत नाही." हे बोलताना ती रडली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली.

५) येथवर मी रजा मागितली. आता खरे लिहितो. एकट्याने जायची माझी हिंमत नाही. डफ वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून आमच्या तांड्यात पेला त्याच्या तोंडाला लावायची रीत आहे. मानाने लावतात, सख्खे काका लावतात. नाही म्हणायला तोंड उघडले की तेवढ्यात दारू आत जाते. डफ दुसऱ्याकडे द्यावा तर पोराच्या धुंडीला बाप मुका उभा राहील, आणि रिकाम्या हातांचा मला अजिबात भरवसा नाही. पुष्कळ विचार केला, एकच वाट सापडली. लेंगीच्या दोन ओळींमध्ये मी तोंड उघडून श्वास घेतो, आणि पेला नेमका तेव्हाच येतो. तो श्वास तोंड मिटून नाकाने घेता आला, तर पेला ओठावरून परत जाईल.

तरी मायबाप सरकारांस विनंती की, लाल शेरा रद्द करावा, डफ द्यावा, आणि होळीपर्यंत नीळकंठ सरांनी मला बसवून नव्हे तर वाजवताना, गाताना, फिरताना श्वास शिकवावा. जमल्यास सरांनाच माझ्यासोबत तांड्यावर पाठवावे. त्यांना पेला लावणार नाहीत, पाहुणे म्हणून चहा देतील. त्यांनी फक्त माझ्या बाजूला उभे राहावे. समोर राखी असेल, पोराला कडेवर घेऊन, आणि सगळा वेळ माझ्या ओठांकडे पाहत राहील.

आपल्या हुकुमाची उभ्याउभ्या वाट पाहणारा,
(सही)
उत्तमसिंग देवीलाल राठोड
पुरुष वॉर्ड, खिडकीजवळची खाट
दि. १६ फेब्रुवारी २०२६