बाईंच्या पर्कोलेटरमधलं दूध

बाई, आज सकाळी पर्कोलेटर गॅसवर ठेवला, काचेच्या टोपीत पहिला बुडबुडा उडाला आणि तुमची आठवण झाली. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. तरी कॉफी होईपर्यंत तिथून हलायचं नाही, ही तुमची शिस्त अजून माझ्या पायांत आहे. मॅट्रिकला इंग्रजीत आपटलेली मी, चौऱ्याहत्तर साली रोज सकाळी कॉलेज रोडला तुमच्या घरी शिकायला यायचे. फी म्हणून तुम्ही काही घेतलं नाहीत. उलट कॉफी पाजायचात. तुमच्या बहिणीनं परदेशातून पाठवलेलं ते उंच भांडं, मधे नळी, वर जाळीत जाडसर पूड. आमच्याकडे कॉफी म्हणजे दुधात उकळायची आणि वरून जायफळ.

मग वडील नाशिकरोडहून तुम्हाला भेटायला आले तो रविवार. सटाण्याचं स्थळ आलं होतं. शिकवणी बंद करा, एवढंच सांगायला ते आले होते. तुम्ही मला म्हणालात, "जा, कॉफी ठेव." वडिलांना आवडते तशी करावी म्हणून मी पर्कोलेटरमध्ये दूध, साखर, जायफळ सगळं एकदमच घातलं. दूध नळीतून जे उसळलं ते झाकण उडवून स्टोव्हवर! घरभर करपट वास. वडील दारात उभे. "कॉफी जमंना हिला, मॅट्रिक काय कपाळाची होणार?"

तुम्ही पदर खोचून आत आलात, स्टोव्ह विझवलात आणि म्हणालात, "अहो, चूक माझी आहे. यात दूध घालायचं नाही, हे मी तिला सांगितलंच नाही. न शिकवलेल्या धड्यात नापास करता का पोरीला?"

तुम्ही भांडं घासून घेतलंत, गार पाणी भरलंत, वात बारीक केलीत आणि वडिलांना स्टुलावर बसवलंत. मला अजून दिसतंय, टोपी घातलेलं त्यांचं डोकं त्या काचेपाशी वाकलंय. "आला की रंग!"

"थांबा हो. हा नुसता गढूळपणा. घाई केली की पाणी, विसरलं की काढा."

सहा-सात मिनिटं आम्ही तिघं काहीही न बोलता एका भांड्याकडे बघत बसलो. वडिलांना इतका वेळ गप्प बसलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. वेगळं तापवलेलं दूध आणि तीन चमचे साखर घालून ते प्यायले. "कडू आहे, पण वास फक्कड आहे." चपला घालताना म्हणाले, "परीक्षा मार्चात ना? सटाणेकरांना थांबा म्हणतो."

मी पास झाले. पुढं नोकरी, संसार, वाचायची गोडी, सगळं त्या मार्चमुळं. वडील मात्र जन्मभर पाहुण्यांना तो किस्सा सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "बाई लाखात एक, पण पोरीला सांगायलाच विसरल्या!" सगळे हसायचे.

बाई, तुम्ही विसरला नव्हतात. पहिल्याच आठवड्यात बोट दाखवून दोनदा बजावलं होतंत. माझ्या ते लक्षातही होतं. एवढ्यानं काय होतंय, वडील खूश होतील, असं वाटलं मला. त्यानंतर तुमच्याकडे किती वर्षं कॉफी प्याले, पण हा विषय काढायचा धीर झाला नाही. हे पत्र तर कुठं जाणारच नाही. आणि वडिलांच्या त्या किश्शाला, बाई, मीही हसायचे.