प्लॉट नंबर एकतीसचा मालक

१५ नोव्हेंबर, शनिवार. वाघोली, पुणे

आजपासून डायरी लिहायची. मोबाईलवर एक जण सांगत होता की मोठी माणसं रोज लिहितात. डायरी सिमेंट कंपनीची आहे, गेल्या वर्षीची. वार जुळत नाहीत. तारखा मी माझ्याच टाकणार.

सकाळी साइटवर सुदर्शनशेठचा फोन आला तेव्हा मी कस्टमरवर छत्री धरून उभा होतो. छत्री धरणं हे माझं मेन काम नाही, माझी पोस्ट सेल्स एक्झिक्युटिव्हची आहे. शेठ आमच्या सावरखेड्याचेच. प्लॉटिंग तिकडंही आणि पुण्यातही, ही साइट त्यांचीच. म्हणाले, आनंदराज, मी नगरसेवकाला उभा राहून राहिलो, प्रभाग सहा ब. तुझं मतदान अजून गावातच हाय ना? मी हाव म्हणालो. मग आजच्या ट्रॅव्हल्सनं निघ म्हणाले, आधार कार्ड आण, तू माझा डमी.

डमी म्हणजे साधी गोष्ट नाही. शेठचा फॉर्म उडाला तर पक्षाचं तिकीट आपोआप डमीला. त्यामुळं सगळ्यात भरवशाचा माणूस निवडतात. शेठचा फॉर्म काही उडणार नाही, तो भाग वेगळा.

हात जरा कापतात. नोव्हेंबरची थंडी.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सावरखेडा

दोन्ही फॉर्म भरले. शेठचे वकील वरद साहेब. त्यांनी माझ्या बावीस सह्या घेतल्या. मी म्हणालो, वाचून करू का? ते म्हणाले, मला वाचणारे डमी आवडत नाहीत. विनोदी माणूस.

तरी एक पान वाचलंच. मालमत्तेचं. एक मोटारसायकल, आणि प्लॉट नंबर एकतीस, मैत्री पार्क.

हा प्लॉट मला शेठनी दोन वर्षांपूर्वी दिला. रजिस्ट्रीच्या ऑफिसात नेलं, सही घेतली, मग अहमदपूरला मटण खाऊ घातलं. कुणाला सांगू नको म्हणाले, लोक जळतात. मी नागूआत्यालाही सांगितलं नाही. आईबाप गेल्यावर मला तिनंच वाढवलं. शाळेत खिचडी शिजवून तिनं मैत्री पार्कातच तीस नंबरचा प्लॉट घेतला आणि घर बांधलं. तिच्या शेजारी बागेची मोकळी जागा आहे. म्हणजे माझा एकतीस नंबर बागेच्या पलीकडं असणार. एक नंबर लोकेशन.

आठवी नापास असून प्लॉटचा मालक. आमच्या गल्लीत असा मी एकटाच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

छाननी.

समोर साहेबराव गुरुजी. रिटायर हेडमास्तर, मैत्री पार्कातच राहतात, अपक्ष उभे आहेत. मला पाचवी ते आठवी त्यांनीच शिकवलं, आठवी दोनदा. त्यांनी उठून शेठवर हरकत घेतली. म्हणाले, नगरपरिषदेच्या नाल्यांचा ठेका शेठच्या बायकोच्या, म्हणजे सौदामिनी वहिनींच्या फर्मकडं आहे आणि शेठ त्या फर्ममधे भागीदार आहेत. ज्याचे नगरपरिषदेच्या ठेक्यात हितसंबंध, त्याला उभं राहता येत नाही. फाईल टेबलावर ठेवली. वरद साहेब अर्धा तास बोलले. निवडणूक अधिकारी साहेबांनी फॉर्म उडवला.

मग त्यांनी विचारलं, डमी कोण? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मागं बघितलं. मागं भिंत होती.

याच्यावर काही हरकत? गुरुजींनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, हा माझा विद्यार्थी. याला कशातच इंटरेस्ट नव्हता, हितसंबंध कुठून असणार? सगळे हसले. साहेबही हसले. अर्ज वैध.

म्हणजे आता उमेदवार मी. शेठनी खांद्यावर हात ठेवला, तो बाहेर येईपर्यंत काढला नाही. जड हात आहे.

दुपारी तीनदा जावं लागलं. इथलं पाणी बदललंय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

नागूआत्यानं गल्लीत पेढे वाटले. आतेबहीण महामाया नायगावला झेडपीच्या शाळेवर मास्तरीण आहे, ती सुट्टी टाकून आली. म्हणाली, आन्या, तुला साधं रेशनकार्डावर नाव चढवता येईना, तू वॉर्ड चालवणार का? आत्या तिच्यावर ओरडली. माझ्या लेकराला नाट लावू नको म्हणाली.

जेवण झाल्यावर आत्या मला मोकळ्या जागेत घेऊन गेली. तिथं तिनं लावलेला पिंपळ आहे. मी पुण्याला गेलो तेव्हा तिच्या गुडघ्याएवढा होता, आता तिच्या डोक्याच्या वर गेलाय. रोज दोन घागरी पाणी घालते. गल्लीनं मिळून एक सिमेंटचा बाक आणलाय. सहा डिसेंबरला सगळी कॉलनी इथंच मेणबत्त्या लावून बसते. बाया संध्याकाळी इथंच गहू निवडतात.

आत्या म्हणाली, मला वॉर्डाचं काही नको. ह्या जागेला तेवढं कंपाउंड करून दे. शेठनी प्लॉट विकताना नकाशात हिरवी दाखवली होती, दहा वर्षं झाली, अजून तारेचं कुंपण न्हाई. उद्या कुणी घुसलं तर?

मी सहज विचारलं, एकतीस नंबर कुठं आला? ती म्हणाली, एकतीस न्हाईच. तीसला नंबर संपले, मग ही बाग. मी म्हणालो, बागेच्या मागं असेल. ती म्हणाली, मागं नाला हाय रे बाबा.

पोटात कळ आली. आत्याच्या ठेच्यामुळं. उमेदवारानं तिखट खाऊ नये.

२० नोव्हेंबर, गुरुवार

शेठना एकदम कडक विचारायचं ठरवलं. गेलो. चहा घेतला. दुसरा चहा घेतला. मग विचारलं.

शेठ म्हणाले, नकाशा सुधारला. बाग होती, आता एकतीस नंबर हाय. तिथं दुकानांचं कॉम्प्लेक्स होणार. तू निवडून आला की पहिल्या मीटिंगमधे एक ठराव येईल, तू हात वर करायचा. मी म्हणालो, पण तिथं पिंपळ आहे. शेठ म्हणाले, पिंपळाचं मतदान न्हाई.

मी म्हणालो, काही लफडं झालं तर? शेठनी तिसरा चहा मागवला. म्हणाले, काय होईल? जे होईल ते मालकाला होईल. मालक कोण? मी म्हणालो, मी. हुशार हाय पोरगं, म्हणाले.

बाहेर आल्यावर वरद साहेबांना भेटलो. म्हणालो, जागा परत देऊन टाकतो. ते म्हणाले, अवश्य दे, पण त्या बावीस सह्यांमधे एक कुलमुखत्यारपत्र होतं. म्हणजे विकायचा, द्यायचा, बांधायचा अधिकार शेठना. मी विचारलं, मग माझं काय? ते म्हणाले, गुन्हा तेवढा तुझा. आज ते विनोदात बोलले की नाही ते कळलं नाही.

ठरवलं. उद्या माघारीचा शेवटचा दिवस. दुपारी तीनच्या आत फॉर्म मागं घेणार. कुणाला भीत नाही. कुणाला सांगणार पण नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी आठला दारात शेठची गाडी. सटवाजी ड्रायव्हर, सहा फूट, आणि मागं अजून दोघं. शेठनी पाठवलंय म्हणाला, उमेदवाराला जरा फ्रेश करून आणा. मी म्हणालो, मला अकराला काम आहे. सटवाजीनं दार उघडून धरलं. चांगल्या माणसाचं मन मोडवत नाही.

इस्लापूरला नेलं, सहस्रकुंडाच्या धबधब्यावर. पाणी अजून बरंच आहे. सटवाजी दिवसभरात एकदाच बोलला. कठड्याजवळ माझ्या शेजारी येऊन म्हणाला, इथून घसरलेलं माणूस सापडत न्हाई. पर्यटनाची माहिती होती. तरी मी खांब धरून ठेवला. माझ्या सगळ्या फोटोंत खांब आहे.

३ वाजून ५ मिनिटांनी म्हणालो, आता मला माघार घ्यायची आहे. ते तिघं लई हसले. मग भजी मागवली.

एका अर्थी बरं झालं. घाईत निर्णय घेऊ नये.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चिन्ह मिळालं. पॅम्प्लेटवर माझा फोटो शेठच्या फोटोच्या निम्मा.

महामाया म्हणाली, सगळ्या उमेदवारांची माहिती फ्लेक्सवर छापून मतदान केंद्राबाहेर लावतात. शिक्षण, गुन्हे, मालमत्ता. तुझी मालमत्ता काय रे, ती खटारा फटफटी? मी म्हणालो, हाव. तिला लागलीच भूक लागली म्हणून ती आत गेली, नाहीतर सगळं सांगणार होतो.

नवीन प्लॅन. आत्याला मीच आधी सांगणार. खरं बोलणाऱ्याला कसली भीती.

संध्याकाळी ५. आत्या भाकरी करत होती. चुलीपाशी अशा गोष्टी बोलू नयेत.
५.४०. आत्या पाणी घालायला गेली. पिंपळासमोर नको.
६.१५. आत्या म्हणाली, काही सांगायचं का तुला? मी म्हणालो, मीठ कमी होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

मैत्री पार्कात सभा. त्याच मोकळ्या जागेत मंडप. मी लोकांपुढं सगळं कबूल करायचं ठरवलं होतं. भाषण पाठ केलं, पहिलं वाक्य: बंधूभगिनींनो, ही जागा माझ्या नावावर आहे.

उभा राहिलो. पहिल्या रांगेत आत्या, पांढरं लुगडं, इस्त्रीचं. मंडपाच्या खांबाला सटवाजी टेकलेला. मी म्हणालो, बंधूभगिनींनो, ही जागा. मग पाणी मागितलं. पाणी दिलं कुणीतरी. मग म्हणालो, ही जागा तुमची आहे. टाळ्या. मग थांबताच येईना. कंपाउंड करीन म्हणालो, दिवे लावीन, झोका लावीन, पिंपळाला पार बांधीन. आत्या रडायला लागली.

खाली उतरल्यावर शेठ कानात म्हणाले, वा, तू तर माझ्यापेक्षा मोठा बिल्डर निघाला.

गुरुजी लांब सायकल धरून उभे होते. जाताना म्हणाले, आनंदराज, पहिल्यांदाच तुला सलग बोलताना ऐकलं. खरं असेल तर चांगलं हाय.

जेवण गेलं नाही. भाषणाचा थकवा.

१ डिसेंबर, सोमवार. दुपारी २

बालवाडीत मतदान केंद्र. फ्लेक्स लागलाय. मी तीन नंबरला. माझं ठरलं होतं, जायचं, फाडायचा, यायचं. एक मिनिटाचं काम.

होमगार्ड उभा होता. म्हणाला, काय पाहिजे? मी म्हणालो, नाव बरोबर आहे का बघतो. तो म्हणाला, अरे, उमेदवार का तुम्ही! या इकडं. मला फ्लेक्सशेजारी उभं करून माझ्याच मोबाईलवर चार फोटो काढले. हसा म्हणाला.

आत्याला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्म्याची काडी परवाच मोडली. बुद्धाची कृपा.

२ डिसेंबर, मंगळवार. मतदान

आत्या पहिली आली. साडेसातला, महामायेला घेऊन. फ्लेक्सपुढं थांबली आणि म्हणाली, ह्याच्यात आपल्या आन्याचं काय लिवलंय, वाच मोठ्यानं.

महामायेनं वाचलं. शिक्षण सातवी पास. गुन्हे निरंक. मोटारसायकल एक. प्लॉट नंबर एकतीस, मैत्री पार्क. आत्या म्हणाली, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. मागं रांगेत गुरुजी होते, त्यांनी शेजारच्याला हळू सांगितलं, एकतीस म्हणजे बाग. मग रांगेतून ते पाठीमागं गेलं, गेलं, गेटच्या बाहेर गेलं. मला दिसत होतं कुठपर्यंत पोचलं ते. डोकी वळत होती.

आत्या माझ्यापर्यंत चालत आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, आन्या, पिंपळ बी तुझ्याच नावावर का?

मी म्हणालो, आत्या, तू चहा घेतला का?

ती आत गेली, मत दिलं, माझ्याकडं न बघता घरी गेली.

मीही मत दिलं. कुणाला ते लिहीत नाही. बोटाला घाम होता.

दुपारी कळलं, उद्याची मोजणी रद्द, आता एकवीस तारखेला. कोर्टाचा आदेश. अजून एकोणीस दिवस. मला वाटलं होतं भीती उद्या संपेल. म्हणजे उत्सुकता.

६ डिसेंबर, शनिवार. वाघोली

पुण्यात परत. कामाचं लई प्रेशर, तिकडं थांबणं शक्य नव्हतं.

मैत्री पार्कात आज सगळे मेणबत्त्या घेऊन बसले असतील. आत्याला सात फोन केले. तिचा मोबाईल खराब झालेला दिसतो.

१३ डिसेंबर, शनिवार

हिशोब केला. रक्ताचं माणूस ऐन वेळी रक्तालाच मत देतं. शिवाय पक्षाची मतं. मी येतोय. आलो की पहिल्या मीटिंगला उठून उभा राहणार आणि शेठच्या तोंडावर म्हणणार, माझा हात वर होणार नाही.

आरशापुढं प्रॅक्टिस केली. हात वर गेला. सवय आहे छत्रीची.

शेठचा फोन आला. उभं राहून बोललो. रूममधे एकटाच होतो.

२१ डिसेंबर, रविवार. मोजणी

गेलो नाही. साइटवर कस्टमर होते. छत्री एका हातात, मोबाईल एका हातात.

११.४०. साहेबराव गुरुजी ६३८. मी १०२. मैत्री पार्कच्या बूथवर गुरुजी ४१२, मी १.

एक. पहिल्यांदा वाटलं ते माझंच. मग आठवलं. त्या दिवशी माझं बोट गुरुजींच्या बटनावर गेलं होतं. घसरलं नव्हतं, मीच नेलं होतं.

१२.१०. शेठचा मेसेज. उद्यापासून कामावर येऊ नको. कॉम्प्लेक्सचं काम मात्र चालू होणार, ठराव नंतर बघू, मालक तूच हायस, काळजी घे.

१२.३०. आत्याला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, ते एक मत माझं. माझ्या लेकराला शून्य कसं देऊ?

मी छत्री खाली घेतली. कस्टमर उन्हात उभे होते.

मग म्हणाली, गुरुजींनी कलेक्टरला अर्ज लिवलाय. बाग बळकावली म्हणून. पहिलं नाव तुझं हाय. खाली सगळ्यात वरची सही माझी. मंगळवारी लातूरला सुनावणी हाय. साहेबापुढं उभं राहून सांगायचं, सही कुणी घेतली, कुठं नेलं, काय खाऊ घातलं. येशील का?

मी हाव म्हणालो. ती म्हणाली, तू लहानपणापासून सगळ्यालाच हाव म्हणतोस. ये आधी. मग फोन ठेवला.

संध्याकाळी ६. लातूरचं तिकीट काढलं. उद्याचं. जायचं काढलं, यायचं काढलं नाही.

ह्या डायरीत मागं पाण्याचं, ठेच्याचं, थंडीचं लिहिलंय. तसं काही नव्हतं. लई भ्या वाटून राहिलंय. पहिल्या दिवसापासून.

खिडकीची सीट मिळाली नाही.