कंप्युटरवरचं कुंकू

आई,

देवळातून आलीस की आधी हे वाच. चहा थर्मासमध्ये आहे. मी वारंगा फाट्याला चाललो. तिथं काम काही न्हाई, तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत न्हाई.

दसऱ्याला तू माझ्या जुन्या कंप्युटरला हळद-कुंकू वाहिलंस आणि तो चालू झाला न्हाई. "कुंकू आत गेलं, तुला कळतं काय त्यातलं," असं मी तारामावशीसमोर तुझ्यावर ओरडलो. तू लावलेलं कुंकू मी ओल्या फडक्यानं पुसून काढलं. तेव्हापासून तू माझ्या खोलीत आली न्हाईस, चहासुद्धा उंबऱ्यावर ठेवतेस.

आज सीपीयू उघडला. आत कुंकवाचा कणसुद्धा न्हाई. दसऱ्याच्या आदल्या दिवशी साफसफाई करताना डिस्कची चपटी वायर मीच उलटी बसवली होती. सरळ केली, तर मोटारीचा गेम पहिल्यासारखा पळून राहिला.

तारामावशीला फोन करून सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "तुझी आई तर अजून सांगून राहिली, लेकराचं मशीन माझ्याच हातानं बिघडलं."

आता तसं कुणाला सांगू नको, आई. कुंकवाचा करंडा कंप्युटरपाशी ठेवलाय.

उद्धव