हरिश्चंद्राच्या मोटारीचे पाटे

५ फेब्रुवारी १९६३, मंगळवार

पाटा तडकलेला होता! तडा बोटाला लागला — आणि हातोडीने वाजवला तेव्हा तोच पाटा मला बरा वाटला होता. पुन्हा वाजवला. शेजारी चांगला ठेवून वाजवला. दोघांचा आवाज एकच, लांब कुठेतरी नारळ पडावा तसा.

मोटारींच्या चाकांवरच्या जुन्या कमानी विकत घ्यायच्या, त्यांचे पोलादी पाटे सुटे करायचे, एकेक वाजवायचा. खणखणला तर विकायला, बद्द बोलला तर लोहाराच्या ढिगात, कोयत्यांसाठी. बावीस वर्षं हाच धंदा. गंजाखालचा बारीक तडा डोळ्याला दिसत नाही, कानालाच कळतो. कुडाळात म्हणतात, दाजीने वाजवलेला पाटा डोळे मिटून घालावा.

कान गेले माझे. इथे लिहिलं. बाहेर कुणाला सांगणार नाही.

६ फेब्रुवारी

बाजाराचा दिवस. दोन गिऱ्हाइकं आली. "माल नाही" म्हणून परत पाठवली. ढीग त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

७ फेब्रुवारी

जेवताना एकदम आठवलं — शनिवारी मालवणच्या हरिश्चंद्राला मागच्या दोन्ही कमानींचे पाटे दिले! त्याची मोटार भाड्याची, माणसं भरून आंबोलीचा घाट चढते. घाटात पाटा तुटला तर — पुढचं लिहवत नाही.

सांगावं तर धंदा बसला. हरिश्चंद्र माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. काही बिघडलं तर त्याचं त्याला कळेलच की, असं मनाला सांगून दुपारी आडवा झालो. झोप कसली येते! मी इतका भित्रा आहे हे पन्नाशी उलटल्यावर कळलं.

८ फेब्रुवारी, शुक्रवार. मालवण

पहिल्या एस.टी.ने आलो. दारात त्याची बायको, काशीबाई. "ते बेळगावाक गेलेत, व्हराड घेवन." म्हणजे आंबोलीच्याच घाटाने! ओटीवर बसून राहिलो. तिने चहा दिला, मग पेज दिली. काय काम, ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

चारच्या सुमारास मोटार आली. धडधाकट! तो उतरला तसं सांगून टाकलं, "हरिश्चंद्रा, माका ऐकाक येना नाय. पाटे उतरव आणि तूच वाजवन बघ."

त्याने लगेच जॅक लावला. दिवेलागणीपर्यंत दोन्ही कमानी सोडवल्या, एकेक पाटा वाजवला.

"दाजीनु, सगळे खणखणीत आसत. तुमचो कान अजून शाबूत आसा."

मला रडू आलं. त्याच्यासमोरच.

९ फेब्रुवारी

घरी आल्या आल्या बायकोला, सुभद्रेला, सगळं सांगितलं. कान शाबूत आहे, हेही सांगितलं, जरा ताठ्यातच. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता, पण मोठ्याने म्हणाली (हल्ली ती मोठ्यानेच बोलते) — "हरिश्चंद्राच्या पाट्यांतले दोन मीच बदललंय. तुमी वाजवन न्हावक गेलास की मागसून मी सगळे वाजवतंय. दोन वर्सां झाली."

राग यायला हवा होता. हलकं वाटलं.

सोमवारपासून ती दुकानात पुढे बसणार आणि चारचौघांदेखत पाटे वाजवणार. बाजार बोलेल. बोलू दे — मला कुठे ऐकू येतंय!