यांचं नाव

केडगाव, मंगळवार, दिवेलागण

लिही शीतल, काही गाळू नको. नात असलीस म्हणून काय झालं.

आमच्या सैपाकघरात एका मोबाईलवर सुरू झालेली हिची विनोदी व्हिडिओंची कंपनी आता मोठ्या ॲपसाठी मालिका करतीय. आज ॲपची माणसं शूटिंग बघायला आलेली. मालिकेत मला एकच काम, त्यातल्या नवऱ्याला नावानं हाक मारायची. अन् लेखकानं नाव ठेवलेलं नेमकं यांचंच! हे जाऊन इतकी वर्षं झाली, पन ते नाव मी कधी उच्चारलं न्हाई. आजबी दर वेळी तोंडातून "अवो"च निघायचं.

"आजी, एवढंबी जमंना व्हय?" शीतल खेकसली. वाटलं, आता दुसरी म्हातारी आनती ही.

"तुझ्या आज्ज्याचं नाव हाय ते, माझ्या तोंडून कधी ऐकलंस?" मी म्हनले.

तिनं हातातला कागद खाली ठेवला. मग लेखकाला म्हनली, "नाव बदला."

"मॅडम, ॲपनं मंजूर केलंय."

"मग मालिका न्हाई झाली तरी चालंल."

ॲपवाली माणसं एकमेकांकडं बघून हसली, "बदला" म्हनली.

यांचं मी जन्मात एक ऐकलं न्हाई. नावाचं तेवढं पाळलं, ते पोरीनं आज राखलं.

आता डोळे पूस गं. अक्षर बिघडलेलं मला कळायचं न्हाई, पन वही भिजलेली कळती.