हिराच्या नावाचे रक्त

विश्रांतवाडी, पुणे
९ सप्टेंबर २००७

प्रिय राजनंदिनी,

आशीर्वाद लिहिताना लेखणी अडखळली; तरीही लिहिते आहे. हिराला रुग्णालयात भरती केले त्याच रात्री तू घर सोडून गेलीस, त्याला आज आठ दिवस झाले. का गेलीस, ते काल रुग्णालयात हिराने रडत सांगितले. दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तिच्या नावाचा जो तपासणीचा कागद मी देवापुढे ठेवला, त्यासाठी दिलेले रक्त तुझे होते. जिच्या रक्तात एचआयव्ही निघेल तिने घर सोडावे, हा नियम मी केला होता. तो तू उघड मोडला असतास तर मी रागावले असते. तू मात्र मला फसवलेस, आणि मी त्या खोट्या कागदाला हळदकुंकू वाहत राहिले.

आपल्या तृतीयपंथी घराण्यातल्या इतर चेल्यांना मी घर दिले. पोथी फक्त तुला दिली. शनिवार पेठेतल्या माझ्या पुराणिक वडिलांनी मला घराबाहेर काढण्यापूर्वी जे शिकवले, ते सारे तुझ्या ओंजळीत घातले. तूही मला शिकवलेस. खोबरेल लावल्याने निरोध फाटतो, हे धंद्यात वीस वर्षे काढूनही मला ठाऊक नव्हते. एड्सवर काम करणाऱ्या संस्थेतून तू खोबरेलाऐवजी लावायची जेली आणलीस आणि नैवेद्याच्या केळ्यावरच निरोध चढवून दाखवलास. हिरा म्हणाली होती, "गुरू, आता देवाला काय दाखवायचं?" त्या दिवशी मीही हसले होते.

तीच हिरा अंगात ताप घेऊन संगणक कंपन्यांतल्या पोरांच्या गाड्यांपाशी उभी राहत होती. निरोधाशिवाय कुणालाही जवळ येऊ दिले नाही, असे ती सांगते; मी त्यावर विश्वास ठेवते. पण घरात गोळ्या दिसतील या भीतीने तिने उपचार घेतलाच नाही. रोगाशी लढणाऱ्या पेशी पाचशेच्या वर हव्यात, तिच्या एकेचाळीस उरल्या आहेत. आता क्षयही जडला आहे. आधी त्याचे औषध, मग एचआयव्हीचे. ती जगेल का, हे डॉक्टर सांगत नाहीत.

या पत्रात मी 'गुरुद्रोह' हा शब्द लिहिला होता. तो कागद फाडला. गीतेतल्या दैवी गुणांच्या गणनेत अभय पहिले येते, सत्य त्यानंतर. तुम्हाला अभय न देता मी सत्य मागत राहिले. तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही, पण तो नियम मी काल मोडला. रुग्णालयातून ती परत येईल तेव्हासाठी हिराची खाट माझ्या खोलीत घातली आहे.

आणखी एक. मी स्वतः आजवर कधीच तपासणी करून घेतली नाही. नियम करणारीला विचारणार कोण? गुरुवारी जाणार आहे. एकटीने जाण्याचे धैर्य नाही, म्हणून हे पत्र. तू सोबत ये. मात्र सुईपुढे हात मलाच करू दे.

तुझीच, अजून रुसलेली,
दुर्गाबाई